चौघांपैकी आपला कोण?

आज सकाळी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात मासळी घ्यायला गेले होते. होड्या लागल्या होत्या, कोलंबीचे आणि चिंबोऱ्यांचे वाटे मांडलेले. नेहमीच्या मावशी मात्र माशांबद्दल बोलेचनात. गल्लीतलं गटार तुंबलंय, मोठ्या भरतीला खाडीचं पाणी तिथूनच वर येतं, आणि सांगायचं कोणाला तेच कळत नाही. "चार जन निवडून दिले गो, पन त्यातला आपला कंचा?"

प्रश्न अगदी खरा आहे. २०१५ ला नवी मुंबईत एका प्रभागात एकच नगरसेवक होता. २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली, मग कित्येक वर्षं प्रशासक. जानेवारी २०२६ मध्ये अखेर मतदान झालं ते पॅनल पद्धतीने, बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक. एवढ्या मोठ्या प्रभागात सोसायट्या, टॉवर आणि कडेला कोळीवाडा. मतांच्या हिशेबात तो मागे पडेल ही भीती मला मनापासून वाटते.

इथल्या आगरी-कोळ्यांच्या जमिनींवर हे शहर उभं राहिलं. १९८४ साली प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात माणसं पोलिसांच्या गोळीबारात गेली. आणि आज त्याच समाजातल्या बाईला साध्या गटारासाठी दार शोधावं लागतं. (इथल्या खाडीत फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांनी कधीतरी या गल्ल्यांतही शिरावं.)

मावशींना अर्ज लिहून दिलाय, चौघांच्याही नावाने. गल्लीतल्या बायकांच्या सह्या त्या घेताहेत. रविवारी द्यायला जाणार आहोत. बेलापूर-सीवूड्समधलं कोणी सोबत येणार असेल तर कळवा.