नॅशनल पार्कातला रविवार: कारवी, कान्हेरी आणि पाणी

मुंबईत आयुष्य गेलं तरी बोरिवलीचं संजय गांधी नॅशनल पार्क म्हणजे लहानपणी बघितलेली वनराणी ही छोटी ट्रेन आणि गांधी टेकडी एवढंच माहीत असलेले लोक खूप आहेत. त्यांच्यासाठी ही पोस्ट मुद्दाम लिहितेय, कारण 2024 ला कारवी फुलली तेव्हा आम्ही गेलो होतो, आणि ही संधी परत 2032 लाच येणार.

कारवी म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारं झुडूप. सात वर्षं नुसती हिरवी वाढते, दर पावसाळ्यात पानं येतात, उन्हाळ्यात काड्या उरतात, आणि आठव्या वर्षी सगळीच्या सगळी एकदम फुलते, बिया धरते आणि मरते. आपल्या पार्कात 2008 ला फुलली, मग 2016 ला आणि मग 2024 ला. फुलं जांभळी-निळी, घंटेसारखी, आणि मधमाश्यांची इतकी झुंबड की उताराजवळ नुसतं उभं राहिलं तरी गूं गूं आवाज कानात भरून राहतो. आमच्यातली एक जण कॉलेजात बॉटनी शिकवते, तिनेच आम्हा सगळ्यांना हाकून बाहेर काढलं, नाहीतर सप्टेंबरच्या रविवारी अंथरूण कोण सोडतंय.

बोरिवली ईस्टला उतरलो, चहा मारला, चालत गेट गाठलं. आत शिरल्यावर दोन-तीन मिनिटांत हायवेचा आवाज मागे पडतो, हे मला दर वेळी खरंच वाटत नाही. बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत साधारण 104 चौरस किलोमीटर जंगल, चारी बाजूंनी बिल्डिंगा, आणि आत बिबटे स्वतःचा संसार करून राहतायत. इथले वारली लोक वाघोबाला देव मानतात, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी राहतात. जंगलात कसं राहायचं हे शिकायचं तर आपण सोसायटीवाल्यांनी त्यांच्याकडून शिकायला हवं, हे माझं ठाम मत आहे.

पार्कातल्याच कान्हेरी लेण्यांपर्यंत बसने गेलो. लेण्यांचं तिकीट वेगळं लागतं. वर चढायच्या आधी पायऱ्यांपाशी काकडीवाल्या मावशी बसतात, लांब चिरून तिखटमीठ लावलेली काकडी. आम्ही घेतली तर मावशी आधी म्हणाल्या, "पिशवी आत टाक गं पोरी, माकडं बघतायत." खरंच तीन माकडं कठड्यावर तयारीत होती. मावशींना म्हटलं कारवी बघायला आलोय, तर त्यांना काही विशेष वाटलंच नाही, म्हणाल्या आमच्या जुन्या घराचा कुड कारवीचाच होता, काड्या उभ्या करायच्या, वरून शेणमाती लिंपायची, भिंत तयार. आम्ही ज्याचे फोटो काढायला एवढ्या लांबून आलो ती त्यांच्या घराची भिंत होती. आमची बॉटनीवाली तिथेच बसकण मारून त्यांना एकेक विचारत बसली, अर्धा तास गेला, पण तो अर्धा तास मला सगळ्यात जास्त आवडला.

आता कान्हेरीबद्दल. शंभरहून जास्त लेणी आहेत, काळ्या बसाल्टमध्ये कोरलेली, इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे बौद्ध भिक्खू राहत होते. बहुतेक लोक तीन नंबरचं चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, बघतात, तिथल्या व्हरांड्यातल्या त्या दोन उंचच उंच बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतात आणि खाली उतरतात. चैत्य बघायलाच हवं, त्यात वाद नाही, आत स्तूपासमोर उभं राहिलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. पण माझं म्हणणं आहे की तिथून पुढे वर चढा आणि पाणी बघा.

म्हणजे काय, तर जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या बाजूला खडकात खोदलेलं एक टाकं आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय. वरच्या कातळावर बारीक चर खोदलेत, पाऊस पडला की पाणी त्या चरांतून वाहत येतं आणि बरोबर टाक्यात उतरतं. सप्टेंबरात गेल्यामुळे आम्हाला हे चालू अवस्थेत बघायला मिळालं, कातळ अजून झिरपत होता, चरातून पाण्याची बारीक धार येत होती आणि टाकी काठोकाठ. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी छिन्नी घेऊन ठरवलं की पाणी इथून वळेल, आणि ते अजून तिथूनच वळतंय. पावसाळ्यात चार महिने धो धो आणि मग आठ महिने थेंब नाही, अशा ठिकाणी एवढी माणसं बारा महिने राहायची ती या टाक्यांच्या जोरावर. आणि यासाठी पैसे दिले कोणी, तर कल्याण, सोपारा, चौलच्या व्यापाऱ्यांनी आणि साध्या माणसांनीही, तसं दगडावर कोरून ठेवलंय. कोणी लेणं दान दिलं, कोणी टाकं. पाण्याचं टाकं दान द्यायचं ही कल्पनाच मला इतकी आवडली की मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले.

90 नंबरच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, 1009 आणि 1021 सालचे, इथे येऊन गेलेल्या पारशांनी कोरलेले. म्हणजे भिक्खूंचा जोर ओसरला तरी लांबलांबची माणसं इथे येत होती.

लेण्यांच्या वरच्या उतारावर कारवी भेटली. फोटोत दिसते त्याहून खूप वेगळी असते, कारण फोटोत तो मधमाश्यांचा आवाज आणि ओलसर वास येत नाही. अख्खा उतार जांभळा, खाली हिरवं जंगल आणि त्यापलीकडे बोरिवलीचे टॉवर. कृपा करून फुलं तोडू नका, झुडपांत घुसून सेल्फी काढू नका. एका झाडाला फुलायला आयुष्यात एकच वेळ मिळते आणि त्याच फुलांतून पुढची पिढी येणार असते, आम्ही गेलो तेव्हा पायवाटेवर तोडून टाकलेले तुरे पडले होते, ते बघून खूप वाईट वाटलं.

परत येताना बस सोडून दिली आणि चालत उतरलो. रस्त्यात दहिसर नदी भेटते. हो, नदी! पार्कातच तुळशी तलावाकडून येते, आणि पार्कात असेपर्यंत इतकी स्वच्छ आहे की तळाचे गोटे दिसतात. हीच नदी गेटबाहेर पडली की तिचा नाला होतो, त्यात डेअऱ्यांचं शेण, वर्कशॉपचं तेल, घरांचं सांडपाणी, आणि तशीच मनोरी खाडीला मिळते. मिठी नदीचंही तेच, तिची सुरुवात विहार तलावाच्या सांडव्यापासून. विहार बांधला 1860 साली, तुळशी 1879 साली, आणि दोन्हींचं पाणी अजून मुंबई पिते. भातसा आणि वैतरणेच्या धरणांपुढे या दोघांचा वाटा छोटा आहे मान्य, पण शहराच्या हद्दीत जंगलाने धरून ठेवलेलं पिण्याचं पाणी किती शहरांकडे असेल? जंगल म्हणजे फक्त बिबटे आणि फुलं नाही, ते आपल्या डोक्यावरचं टाकं आहे असं मी आता प्रत्येकाला सांगत सुटलेय.

जायचं असेल तर सोमवारी जाऊ नका, पार्क बंद असतं. सकाळी लवकर पोचा, प्लास्टिक नेऊ नका, शूज ग्रिपवाले घाला कारण कातळावर शेवाळ आहे. पार्कातल्या शिलोंडा ट्रेलला, म्हणजे जंगलातल्या पायवाटेला, परवानगी आणि गाइड लागतो, गेटजवळच्या निसर्ग माहिती केंद्रात विचारा. कारवीची बोंडं वर्षभर वाळतात आणि पुढच्या पावसात टपटप फुटून बिया उडवतात, तो आवाज ऐकायला जून 2025 मध्ये परत जायचं आम्ही तेव्हाच ठरवलं.