लिनिएज बसली, पण रूट परत घेताना बूटलूप

मागच्या लॉगमध्ये फोनचा बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) अनलॉक आणि मॅजिस्कपर्यंत (रूट, म्हणजे फोनवर पूर्ण ताबा, देणारं ॲप) आलो होतो, आता लिनिएजओएस ही कंपनीच्या सिस्टीमऐवजी बसणारी अँड्रॉइड रॉम टाकली.

स्टॉक (कंपनीची मूळ सिस्टीम) सोडण्याआधी, रूट हातात होतं तोवरच, पर्सिस्ट, दोन्ही मॉडेमएसटी आणि एफएसजी पार्टिशनच्या इमेज (हुबेहूब प्रती) डीडी कमांडने काढून पीसीवर घेतल्या. स्नॅपड्रॅगन चिपवाल्यांनी हे कराच, आयएमईआय आणि सेन्सरचं कॅलिब्रेशन त्यातच असतं आणि ते दुसऱ्याच्या फोनमधून आणून चालत नाही.

माझा फोन ए/बी स्लॉटचा (सिस्टीमसाठी दोन जागा असलेला), रिकव्हरीचं (इन्स्टॉल-दुरुस्तीचा मोड) वेगळं पार्टिशन नाही, ती बूट पार्टिशनमध्येच असते, म्हणजे लिनिएजची रिकव्हरी फ्लॅश केली (पार्टिशनवर लिहिली) की मॅजिस्कने पॅच केलेली बूट इमेज गेली आणि तिच्यासोबत रूटही गेलं. मग एका स्लॉटचं फर्मवेअर दुसऱ्यात उतरवणारी कॉपी पार्टिशन्सची झिप साइडलोड केली (पीसीवरून केबलने पाठवली), कारण रॉम दुसऱ्या स्लॉटमध्ये बसते आणि तिथलं फर्मवेअर जुनं किंवा रिकामं असेल तर फोन कायमचा ब्रिक (निकामी) होऊ शकतो. डेटा फॉरमॅट, रॉम साइडलोड. पीसीवर ४७ टक्क्यांवर थांबल्यासारखं दिसतं, घाबरून केबल काढू नका, फोनच्या स्क्रीनवर काम चालूच असतं.

रॉम व्यवस्थित सुरू झाली, वायफाय, कॅमेरा सगळं ओके. चूक झाली ती पुढे. पीसीवर मॅजिस्कने पॅच केलेली आधीची बूट इमेज पडलेली होती, वेळ वाचेल म्हणून तीच फास्टबूटने (पीसीवरून फोनवर इमेज लिहायचं टूल) टाकली आणि बूटलूप, निर्मात्याचा लोगो यायचा, स्क्रीन काळी व्हायची, परत लोगो. ती इमेज स्टॉकची होती ना, कर्नल (सिस्टीमचा गाभा) स्टॉकचा आणि सिस्टीम लिनिएजची, कसं जमणार! पण डेटाला धक्का लागलेला नसतो, म्हणून लगेच वाइप करायला जाऊ नका. रॉमच्या झिपमधली पेलोड फाइल (सगळ्या इमेज तिच्यातच असतात) पेलोड डंपर टूलने उघडून त्याच बिल्डची बूट इमेज काढली, फास्टबूटने टाकली, फोन पहिल्या फटक्यात उठला, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग तीच इमेज फोनवर मॅजिस्कमध्ये पॅच करून परत फ्लॅश केली, रूट आलं. (अँड्रॉइड १३ सोबतच लाँच झालेले फोन असतील तर तिथे सहसा बूट नाही, इनिट बूट पॅच करायची.)

आता प्रत्येक पॅच केलेल्या फाइलच्या नावात बिल्डची तारीख टाकतोय. पुढचा ओटीए (ऑनलाइन येणारा अपडेट) आला की रीबूट न करता आधी मॅजिस्कमधून इनॅक्टिव्ह स्लॉटला इन्स्टॉल करून बघणार, रूट टिकलं की नाही ते पुढच्या लॉगमध्ये टाकतो.