एक दात आणि अकरा दिवस

ऐन हंगामात माझा पिकअप अकरा दिवस चिऱ्यांवर उभा होता. मागची चाकं काढलेली, मागच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग, म्हणजे लोखंडी कवच, उघडं आणि शेजारच्या बागायतदारांच्या पेट्या दुसऱ्यांच्या गाड्यांतून घाट चढत होत्या. हे सगळं पिनियनच्या, म्हणजे त्या अ‍ॅक्सलमधल्या लहान दातेरी चाकाच्या, एका दातामुळे झालं. आता दीड वर्ष झालं, तरी त्या पार्टच्या दुकानावरून जाताना माझं डोकं तापतं. म्हणून लिहितोय.

मी रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरला माल नेतो. एप्रिल-मे आंबा, एरवी जे मिळेल ते. गाडी जुनी, डिझेल, पाच गिअरची. मागच्या डिफ्रेंशलमधून (इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा भाग) कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला, उघडलं तर क्राऊनचे, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या दातेरी चाकाचे, दोन दात कुरतडलेले. पिनियनच्या ऑइल सीलमधून तेल गळून संपलं होतं. मेस्त्री म्हणाले, क्राऊन-पिनियनचा सेट बदलावा लागेल. दुकानातून सेट आणला, बसवला, गाडी पळाली. इथपर्यंत काहीच अडलं नाही.

अडलं ते घाटाखालच्या साखरप्याच्या पुढे. जो चढ भरल्या गाडीने मी वर्षानुवर्षं सेकंडवर काढला, तिथे गाडी दम टाकू लागली. वळणावर फर्स्ट टाकायचा, पुढे सेकंड घ्यायचा, परत फर्स्ट. वर पोचेपर्यंत क्लचचा जळका वास केबिनमध्ये. मेस्त्री म्हणाले क्लच गेलाय. क्लच बदलला. तेच. मग म्हणाले डिझेल फिल्टर, मग नोझल. प्रत्येक वेळी पैसे माझे.

उलगडा झाला तो किलोमीटरच्या आकड्यामुळे. घरापासून कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डापर्यंत माझे 130 भरतात, हे मला पाठ आहे. त्या दिवशी यार्डात आकडा बघितला तर 116. चौदा किलोमीटर गेले कुठे? परतताना फोनवरचा वेग लावून बघितला. काटा 60 वर आणि फोन 67 दाखवतोय. माझ्या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, म्हणजे ती चाकाचे नाही, शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचे) फेरे मोजते. शाफ्ट कमी फिरतोय आणि चाक तेवढंच, म्हणजे मागचा रेशो, चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे तो हिशोब, बदललाय.

घरी येऊन मोजलं. ही युक्ती प्रत्येक गाडीवाल्याला यायला हवी. पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली भक्कम टेकू द्या, गाडी न्यूट्रल. शाफ्टवर खडूची रेघ, चाकावर खडूची रेघ. दोघांनी दोन्ही चाकं बरोबर एकाच दिशेने दहा फेऱ्या फिरवायची, तिसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. (एकच चाक उचललं असेल तर त्या एका चाकाच्या वीस फेऱ्या.) माझे साडेपंचेचाळीस भरले. जुना क्राऊन भंगाराच्या डब्यातून काढला: क्राऊनचे 41 दात, पिनियनचे 8. एक्केचाळीस भागिले आठ, 5.125, म्हणजे दहा फेऱ्यांना 51 हून जास्त यायला हवे होते. नव्यात 41 ला 9 होते, म्हणजे 4.556. एका दाताने गाडीची ओढ अकरा टक्के गेली होती. सेकंड गिअर आता पूर्वीच्या सेकंड आणि थर्डच्या मधे कुठेतरी जाऊन बसला होता, आणि घाटात तेवढ्याने खेळ संपतो.

मी दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "दादा, दोन्ही एकाच हौसिंगमध्ये बसतात. नऊवाला तर चांगला, अ‍ॅव्हरेज वाढेल." मी म्हटलं, मला अ‍ॅव्हरेज नको, मला माल घेऊन घाट चढायचाय. "तेल लागलेला माल परत होत नाही." मी म्हटलं, परत करू नका, दुसरे पैसे घ्या, पण आठाचा द्या. "उद्याच्या गाडीने येतो." त्या एका वाक्यावर मी मेस्त्रींना हौसिंग उघडायला सांगितलं, ही माझी चूक. सेट हातात येईपर्यंत गाडी उघडू नका. धावती गाडी, घाटात रडत का होईना, चार पैसे आणते.

दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी "कोल्हापुरातून निघालाय". चौथ्या दिवशी खोका आला, वर लेबल 8/41. मी काउंटरवरच खोका फोडला, पिनियन कागदातून काढला, ग्रीसने माखलेला. एका दाताला खडूने खूण केली आणि बोटाने मोजत गेलो. नऊ. परत मोजले. नऊच. काउंटरवाला म्हणतो, लेबलवर आठ लिहिलंय ना! मी तो पिनियन त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, तुम्ही मोजा. त्याने मोजले, गप्प झाला, आणि आतल्या माणसाला हाक मारली. दिलगिरीचा एक शब्द नाही.

मग रोज सकाळी फोन. "आज नक्की." "ड्रायव्हर आला नाही." "रविवार आहे." मे महिन्यातला एक-एक दिवस म्हणजे काय, हे त्या काउंटरला कोण सांगणार? आंबा थांबत नाही. अकराव्या दिवशी खरा सेट आला. पिनियनच्या डोक्यावर 8-41 कोरलेलं, आणि दात मोजले तर आठ. तेव्हा कुठे मी पैसे काढले.

क्राऊन आणि पिनियन जोडीने घासून बनवलेले असतात, दोन्हींवर एकच जोडनंबर कोरलेला असतो. तो जुळतो का ते दुकानातच बघा. एकाचा क्राऊन, दुसऱ्याचा पिनियन असं कुणी गळ्यात मारत असेल तर तिथून निघा, महिन्याभरात आवाज येतो. बसवताना मेस्त्रींनी दातांना रंग लावून डाग कुठे उमटतो ते मला दाखवलं, शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) दोनदा बदलली. डाग दाताच्या मधोमध आला तेव्हाच झाकण लावलं. जो मेस्त्री हे करत नाही त्याला हात लावू देऊ नका.

नऊचा सेट वाईट नाही, हेही सांगतो. ज्याचा धंदा सोलापूर-लातूरच्या सपाट रस्त्याचा आहे, माल हलका आहे, त्याने तोच घ्यावा. इंजिन कमी फिरेल, आवाज कमी, डिझेल वाचेल. पण टॉप गिअर धरवतच नसेल आणि सारखा खालच्या गिअरवर यावं लागत असेल, तर ते डिझेल वाचत नाही. आणि टायर! 215/75 च्या जागी 235/75 घातलेत तर चाक चार टक्के मोठं होतं, ओढ तेवढीच घटते. आधी टायर ठरवा, मग दात. फोर बाय फोर असेल तर पुढच्या अ‍ॅक्सललाही तोच रेशो हवा, नाहीतर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडून काहीतरी मोडतं.

पहिले 500 किलोमीटर मी अर्धाच माल भरला, मग तेल बदललं. त्यानंतर पूर्ण भरून साखरपा सोडलं आणि पहिल्याच मोठ्या वळणावर सेकंड टाकला. गाडी उचलत गेली, वरपर्यंत एकदाही फर्स्ट लागला नाही. यार्डात आकडा बघितला, 130. हौसिंगवर आता पांढऱ्या ऑइल पेंटने मोठं लिहून ठेवलंय: 8/41.