काळी तीनबरोबर पांढरी सहा: चोर सापडला!

माझ्या पियानोलाच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या कागदी रोलवर हवेच्या ओढीने आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या, खालच्या सप्तकातला घोळ अखेर उलगडला. गेल्या वेळी लिहिलंच होतं, रोलवर काळी तीनचं भोक आलं की पांढरी सहाचा हातोडाही उठतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ‘छोटे भाते पुन्हा मढव’ असं सुचवलं. ते मढवून झालेत, एकही फुसफुसत नाही. रबरी नळ्याही नव्या आहेत.

गंमत अशी की कीबोर्डवर हे दोन सूर तीन घरं लांब, पण आपला स्टॅक, म्हणजे या भात्यांची आणि त्यांच्या झडपांची मांडणी, तीन मजली. सूर मजल्यांवर आळीपाळीने वाटलेले, म्हणून एकाच मजल्याच्या फळीत ते चिकटून शेजारी! तिथेच माझा संशय लाकडावर गेला. नळ्या काढून दुसरीकडे जोडून पाहिल्या. दोष नळीबरोबर गेला नाही, फळीपाशीच राहिला.

मग फळी उघडली. ट्रॅकर बारवरून (रोल ज्या भोकांच्या पट्टीवरून सरकतो तिच्यातून) आलेली हवा ज्या बोगद्यातून चामड्याच्या पडद्याखाली जाते, त्याच्या आतली लाख पार वाळून तडकलेली. नखाने टोकरली तर पिवळे पापुद्रे निघाले. एका बोगद्याच्या तोंडावर साबणाचा फेस ठेवला आणि शेजारच्यात फुंकर मारली. टप्पकन फुगा! पडदा उचलायला हवा लागते ती कितीशी? केसाएवढी चीर पुरते. झडप उघडते, भाता मिटतो, आगंतुक सूर हजर.

पडदे आणि ब्लीडच्या (बोगद्यातली हवा हळूहळू ओढून घेणाऱ्या बारीक छिद्रांच्या) टोप्या काढून त्या दोन बोगद्यांत पातळ लाख ओतली, फळी फिरवून फिरवून निथळू दिली. काळी तीन आता एकटी वाजते. मी उगाचच ती कितीतरी वेळ वाजवत बसलो होतो.

लाख मात्र तयार बाटलीतली घेऊ नका, जुनी असली तर चिकट राहते. चपडा आणून स्पिरिटमध्ये घरीच विरघळवावा. आणि सांध्यांना सरसच लावा. पांढऱ्या गोंदाने चिकटवलेले भाते सोडवताना लाकूडच उचकटून येतं, हे फोंड्याचे पेटीवाले मेस्तही सांगतात.

खरं तर फक्त खालचं सप्तक करणार होतो, पण फळी बाहेर आलीच आहे तर सगळेच बोगदे करून टाकतो. अडचण पावसाची. आपल्याकडच्या या दमट हवेत लाख पांढुरकी पडते, वाळतही नाही. हे लिहिता लिहिता सुचलं: कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून कपाटात बल्ब लावतोच ना, फळी तिथेच टांगावी! बल्ब लहान हवा, नाहीतर सरस मऊ पडायचा. साड्या कुठे हलवायच्या, ही वाटाघाट घरात सुरू आहे.

ओळख पटवण्याबद्दल थोडंसं. झाकणावरचं नाव विक्रेत्याचं निघालं, बनवणाऱ्याचं नव्हे. बारवर 88 भोकं, इंचाला 9. म्हणजे 1908 साली अमेरिकेतल्या बफेलो शहरी पियानोला बनवणाऱ्यांच्या बैठकीत ठरलेलं माप. सोबत आलेल्या ट्रंकेतले रोल मात्र टोकांना खुंट्या असलेले, 65 सुरांचे, इंचाला 6 भोकांचे. ते या वाद्याचे नव्हेतच. कुणाकडे 65 चा बार असेल तर कळवा, 88 च्या रोलांच्या बदल्यात देऊन टाकीन.