आमची वाटचाल

औषधी वनस्पतींच्या पानांचे अर्क काढायचे आणि त्यांत जंतू रोखण्याचा खरोखर काही गुण आहे का ते तपासायचं, एवढाच आमचा धंदा. सुरुवातीला आम्ही दोघं भागीदार, एक सॉक्सलेट (गरम द्रावकाने अर्क काढायचं काचेचं उपकरण), एक इन्क्युबेटर (जंतू वाढवायची उबदार पेटी) आणि सेकंडहँड रोटरी (अर्कातला द्रावक व्हॅक्यूमखाली उडवून टाकणारं यंत्र). त्या रोटरीला नावं ठेवलेली मला आजही खपत नाहीत. तिचा पाण्याचा बाथ ४० अंशांवर, व्हॅक्यूम पक्का. वजन स्थिर होईपर्यंत अर्क उतरवायचा नाही, हा माझ्या भागीदाराचा दंडक. अर्कात मिथेनॉल, म्हणजे अर्क काढायचा द्रावक, मागे राहिलं तर जंतू त्यानेच मरतात आणि नाव होतं निर्गुंडीचं.

पुढे कामं येत गेली, रिपोर्ट जात राहिले. मग आमच्याच धंद्यातली दुसरी लॅब उभी राहिली. आमच्या रिपोर्टात ९ मिमीचा झोन (अर्काभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ), तर त्याच पानांना त्यांच्याकडे २२! एका ग्राहकाने त्यांच्या प्लेटचा फोटो दाखवला. अगारचा (जंतू वाढवायच्या जेलीचा) थर इतका पातळ ओतलेला की प्लेटखाली लिहिलेली अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. ४ मिमी जाडी हवी, हे या धंद्यात कोणाला सांगावं लागतं का? जंतूंचं लॉन (अगारवर पसरलेला जंतूंचा थर) विरळ, म्हणजे झोन आपोआप फुगणार, आणि तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओची (अर्क विरघळवायच्या द्रावकाची) वेल, म्हणजे खळगा, कुठेच नाही. मी हे सगळं समजावलं. तरी लोक गेले, कारण मोठा आकडा माहितीपत्रकावर शोभतो. पगार थकले, लॅमिनार (जंतुविरहित हवेत काम करायचं कपाट) विकायला काढला. तो राग अजून गेलेला नाही.

टिकल्या त्या मलम बनवणाऱ्या एक ताई. त्यांनी कोणाला न सांगता एकाच पानांची पूड दोन पुड्यांत, दोन नावांनी, दोन्ही लॅबना पाठवली. आमचे दोन्ही आकडे जुळले, तिकडचे जुळले नाहीत. रिपोर्ट टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "ई. कोलायवर काही परिणाम नाही, असं तुम्ही सरळ लिहून दिलंत. आता पुढचं सगळं काम तुमच्याकडेच." त्या कामावर लॅब तरली. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणातून बरेच अर्क आत शिरतच नाहीत; तिथे 'नाही' हेच खरं उत्तर असतं.

या कामात नवीन येणाऱ्यांना सांगतो, नुसत्या झोनवरून दोन अर्कांची तुलना करू नका. जड रेणू अगारमध्ये कमी पसरतात, म्हणून त्यांचा झोन लहान दिसतो. एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं अर्काचं सर्वांत कमी प्रमाण, मागा. हिरव्या अर्काने ओडी (गढूळपणावरून जंतूंची वाढ दाखवणारा आकडा) बिघडते, म्हणून आम्ही रेझाझुरिन (जिवंत जंतू ज्याला निळ्याचा गुलाबी करतात असा रंग) वापरतो. पण काही अर्क जंतू नसतानाही त्याचा निळा रंग गुलाबी करतात, तेव्हा अर्क आणि रेझाझुरिन एवढंच घातलेली एक वेल ठेवाच. पानं सावलीत वाळवा. आणि सोबत फुलोऱ्यासकट एक फांदी दाबून, वाळवून द्या. नुसती पूड पाठवून झाड कोणतं ते आम्हाला विचारू नका.