लटकती मांडणी: रॉड आणि चाळणी झाली, बरण्या अर्ध्यावर

पडद्याचा जुना रॉड ओट्यावरच्या भिंतीवर बसला एकदाचा. हा एकात एक सरकणारा रॉड, त्यामुळे दोन नळ्या जिथे मिळतात तिथेच वाकतो. म्हणून मधला ब्रॅकेट त्या सांध्यालाच दिला. शेगडीच्या वर मुद्दाम नेला नाही, तिथल्या प्रत्येक वस्तूवर तेलकट चिकटा बसतो.

आकडे तारेच्या हँगरचे. पकडीने वळवताना वरचं वळण रॉडवर आवळून बसेल इतकं बारीक ठेवलं. ते सैल असलं की डाव काढायला जावं तर आकडाही हातात येतो, तोही ऐन घाईच्या वेळी! डाव, गाळणी, चिमटा एवढं ही तार पेलते. कढई टांगाल तर आकडा हळूहळू उलगडेल.

खरी मजा आली ती चाळणीत. कान तुटलेली स्टीलची चाळणी, कांदे-लसणासाठी; भोकांमुळे हवा खेळती राहते. साखळ्या तीनच लावा. चार लावल्या आणि लांबीत जराही फरक पडला, की एक ढिली पडते आणि भार बाकीच्यांवर जातो. तीन मात्र ताणलेल्याच राहतात, फार तर चाळणी थोडी कलते. तीन जागा समान अंतरावर काढायला मोजपट्टीही लागत नाही. काठाभोवती दोऱ्याचा एक वेढा घ्या, तेवढाच कापा, तीन पदरी घडी घालून घड्यांवर पेनाची खूण करा आणि दोरा परत काठाला लावा. साखळ्या जुन्या पर्सच्या, जोडायला किल्ल्यांच्या रिंगा.

आता बरण्या. फळीखाली पत्र्याची झाकणं ठोकायची आणि बरणी खालून फिरवून बसवायची. प्रत्येक झाकणाला दोन स्क्रू हवेतच, एकावर झाकण बरणीबरोबर गरगरतं. पत्रा फाटू नये म्हणून वॉशर. फळी १८ मिमी, स्क्रू १२ मिमी; लांब घेतले तर टोकं वर निघायची. भोकं पाडल्यावर झाकण हवाबंद राहत नाही, तेव्हा सादळणारं काही यात नको. माझ्या बरण्यांत टूथपिक, रबरबँड, पिशव्यांच्या क्लिपा. झाकण जागेवर असल्याने बरणी एका हाताने उघडते, हे फारच आवडलं.

पातेल्यांच्या झाकणांसाठी फ्रिजची जुनी जाळी काढून ठेवली आहे. ती भिंतीला सपाट लावावी की रॉडला टांगावी? कुणी केलं असेल तर सांगा.