हवा शिरते कुठून? : आमची वाटचाल

नाशिकच्या आयटीआयमधून प्लंबिंगचा ट्रेड केला आणि काही वर्षं मुंबईत इमारतींचे पाइप जोडले. लग्नानंतर इंग्लंडला, लंडनजवळच्या स्लाउला आलो, तेव्हा घर गरम करणारं पाणी हा प्रकार मला अगदीच नवा होता. आपल्याकडे पाणी नळातून येतं आणि मोरीतून जातं. इथे तेच पाणी वर्षानुवर्षं बॉयलर, पंप आणि खोल्या गरम करणाऱ्या लोखंडी रेडिएटरमधून फिरत राहतं.

एका म्हाताऱ्या इंग्रज फिटरच्या हाताखाली चार वर्षं काढली. कानाने काम कसं करायचं हे त्यांनी शिकवलं. खळखळ ऐकू आली तर पाण्यात हवा, एकसारखी घरघर असेल तर पंपाचं बेअरिंग, आणि बॉयलर किटलीसारखा उकळू लागला तर आत साचलेला चुना. लंडनच्या बाजूचं पाणी जड, म्हणजे चुना जास्त असलेलंच आहे. गॅस सेफ रजिस्टरमध्ये, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत, नोंदणी झाल्याशिवाय इथे गॅसला हात लावता येत नाही. ती झाली, जुनी व्हॅन घेतली आणि आमचा धंदा सुरू झाला.

पहिल्याच हिवाळ्यात हाउन्सलोहून एका मराठी काकूंचा फोन आला. "अहो, रात्री कपाटात कुणीतरी खडे हलवतंय असं वाटतं." कपाट म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं, पंप त्यातच. आधीच्या कारागिरांनी दोन वर्षांत दोन पंप बदलले होते. काका दर रविवारी किल्ली घेऊन वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरमधली हवा काढत. हीटिंगला पाणी पुरवणारी माळ्यावरची छोटी टाकी भरलेली, म्हणून पाण्याची शंका कुणालाच आली नव्हती.

मीही आधी किल्लीच फिरवली. फुस्स झालं, मग आवाज मंदावला, पण पाणी काही येईना. माळ्यावर चढून टाकीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि खाली काकांना पुन्हा हवा काढायला सांगितलं. पाणी रेघेवरून हललं नाही. टाकी भरलेली आणि खाली घर तहानलेलं! टाकीतून उतरणारा तांब्याचा पाइप जिथे मुख्य पाइपला मिळतो, तिथे खिशातलं चुंबक टेकवलं. ते चिकटून बसलं. तांब्याला चुंबक चिकटत नाही; म्हणजे आत रेडिएटरच्या लोखंडाचा काळा गाळ घट्ट बसला होता.

तेवढा तुकडा कापला, तर भोक पेन्सिलीच्या शिशाएवढं उरलेलं. हीटिंग बंद झाल्यावर पाणी गार होऊन आकसायचं, वरून भर मिळायची नाही आणि माळ्यावरच्या उघड्या पाइपातून हवा आत ओढली जायची. पंप बिचारा निर्दोष होता. नवा तुकडा जोडला, पाणी स्वच्छ येईपर्यंत सगळी लाइन धुतली, गंज रोखणारं औषध घातलं आणि चुंबकाचा फिल्टर बसवला. चालू केल्यावर काकूंनी विचारलं, "पंप सुरू झाला ना?" तो दहा मिनिटं चालूच होता.

त्या दिवसापासून आमचा एक नियम आहे: हवा शिरते कुठून हे सापडेपर्यंत पंप बदलायचा नाही. यात काही गिऱ्हाइकं गेली, कारण लोकांना नवा पंप बघून बरं वाटतं. पण जी राहिली त्यांनीच पुढची घरं दिली. आज आम्ही चौघे आहोत.

फोन माझी बायको घेते. निम्मे प्रश्न तीच सोडवते आणि त्याचे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर हवा. उलट असेल तर गाळ. हवा काढण्याआधी हीटिंग बंद करून पाणी निवू द्यायचं, कारण पंप चालू असताना हवा बाहेर येण्याऐवजी आत ओढली जाऊ शकते. कॉम्बी, म्हणजे टाक्यांशिवाय चालणारा बॉयलर असेल तर नंतर त्यावरचा पाण्याच्या दाबाचा काटा बघायचा. गार असताना तो साधारण 1 ते 1.5 बारवर असावा. काटा सारखा उतरत असेल तर मात्र पाणी कुठेतरी जातंय, तिथे आम्हालाच यावं लागतं.

थंडीच्या सुरुवातीला पहिल्यांदा हीटिंग लावताना आवाज आला तर अवश्य फोन करा. तेवढं रेडिएटरला वर-खाली हात लावून बघून ठेवा, बायको पहिलं तेच विचारते.